हेर, निवेदिका की सैनिक? गुप्त युद्धकार्यातील स्त्रियांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुसऱ्या महायुद्धात आणि त्या सुमाराच्या स्वातंत्र्यलढ्यांत ज्या स्त्रियांनी गुप्तपणे काम केले, त्यांच्याविषयीची सर्वसाधारण समजूत कागदपत्रांपेक्षा चित्रपटांनी आणि रहस्यकथांनी अधिक घडवली आहे. मुंबईत भूमिगत रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता, गोवा मुक्तिलढ्यातील लिबिया लोबो आणि बडोद्याच्या संगीतघराण्याची कन्या नूर इनायत खान या तिघींचे कार्य शेजारी ठेवून पाहिले, तर ‘हेर’ या सरसकट बिरुदामुळे त्यांच्या कामाचे खरे स्वरूप आणि त्यातला धोका हे दोन्ही झाकले जातात, असे दिसते.

गैरसमज १ : सत्तेपासून लपून काम करणारी प्रत्येक स्त्री हेर असते.

वस्तुस्थिती : १९०७ च्या हेग नियमावलीनुसार, युद्धक्षेत्रात लपूनछपून किंवा खोट्या बहाण्याने, विरुद्ध पक्षाला कळवण्याच्या हेतूने जी व्यक्ती माहिती मिळवते किंवा मिळवू पाहते, तीच हेर ठरते. उषा मेहतांचे काम याच्या अगदी उलट होते. ‘छोडो भारत’ आंदोलनातील बातम्या सेन्सॉरने दाबून टाकल्या असता त्या उघडपणे जनतेपर्यंत पोहोचवण्यासाठी काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ४२.३४ मीटरवर सुरू झाले आणि चिमूर व आष्टी येथील घटनांसारखी वृत्ते त्यावरून लोकांना कळली. नूर ज्या ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ या ब्रिटिश संघटनेत होती, तिची स्थापना जुलै १९४० मध्ये झाली होती. शत्रुव्याप्त प्रदेशात घातपात घडवणे आणि तेथील प्रतिकारगटांना शस्त्रे पुरवणे हे तिचे मुख्य उद्दिष्ट होते, तर निव्वळ हेरगिरीचे काम ब्रिटनच्या वेगळ्या गुप्तचर खात्याकडे होते.

गैरसमज २ : रूप आणि मोहजाल हे या स्त्रियांचे मुख्य शस्त्र होते.

वस्तुस्थिती : ही प्रतिमा मुख्यतः १५ ऑक्टोबर १९१७ रोजी फ्रान्सने गोळ्या घालून ठार केलेल्या माता हारी या नर्तकीच्या दंतकथेतून आली आहे. प्रत्यक्षात या कामाला भाषेचे ज्ञान, चिकाटी आणि तांत्रिक सराव लागत असे. नूरने मोर्स लिपी, म्हणजे लघु आणि दीर्घ ध्वनींच्या क्रमाने अक्षरे पाठवण्याची पद्धत, आत्मसात केली होती. लिबिया लोबो यांनी महायुद्धकाळात मुंबईत इटालियन युद्धकैद्यांची पत्रे तपासण्याचे काम केले होते, आणि पुढे गोवा मुक्तीसाठी गुप्त नभोवाणी चालवताना पोर्तुगीज व कोकणी या दोन्ही भाषांतून श्रोत्यांशी बोलण्याची आवश्यकता होतीच. हे केंद्र २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सुरू झाले. आधी आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या जंगलातून त्या आणि त्यांचे सहकारी वामन सरदेसाई यांनी ते डिसेंबर १९६१ मधील मुक्तीपर्यंत चालवले. पोर्तुगीज राजवटीने सांगितलेल्या बातम्यांना या प्रसारणातून उत्तर मिळत असे.

गैरसमज ३ : पुरुष लढत असत आणि स्त्रियांना सुरक्षित, दुय्यम काम दिले जाई.

वस्तुस्थिती : बिनतारी यंत्र चालवणे हे गुप्त कार्यातील सर्वाधिक जोखमीच्या कामांपैकी एक होते, कारण यंत्र सुरू होताच त्याच्या लहरींचा माग काढता येई आणि त्यामुळे संदेश थोडक्यात आटोपून जागा बदलावी लागे. सूटकेसमध्ये बसवलेल्या त्या काळच्या यंत्राचे वजन सुमारे १५ किलो असे, आणि झडती झाली तर त्याविषयी पटण्यासारखा खुलासा देणे जवळजवळ अशक्य होते. जून १९४३ मध्ये नूर फ्रान्समध्ये उतरली. शत्रुव्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली स्त्री बिनतारी संदेशवाहक होती. तिच्या प्रशिक्षकांपैकी काहींनी तिच्या योग्यतेविषयी शंका नोंदवली होती, तरीही थोड्याच दिवसांत पॅरिसमधील तिचे जाळे अटकांमुळे कोसळले तेव्हा परत येण्याची सूचना नाकारून ती तेथेच थांबली आणि लंडनशी असलेला संपर्क तिने टिकवून ठेवला. ऑक्टोबर १९४३ मध्ये फितुरीमुळे ती पकडली गेली. तिने पाठवलेल्या संदेशांच्या नोंदी जर्मनांच्या हाती लागल्या आणि त्यांच्या आधारे त्यांनी तिच्याच नावाने लंडनला फसवे संदेश पाठवले. मुंबईतही हाच धोका होता. काँग्रेस रेडिओची जागा वारंवार बदलली जाई, तरी १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी प्रसारण सुरू असताना छापा घातला आणि २२ वर्षांच्या उषा मेहतांना अटक झाली. पुढे विशेष न्यायालयाने त्यांना ४ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि ती त्यांनी येरवड्याच्या तुरुंगात भोगली.

गैरसमज ४ : हेराला कायद्याचे कोणतेच संरक्षण नसते.

वस्तुस्थिती : कृत्य करताना पकडल्या गेलेल्या हेराला हेग नियमावलीने मृत्युदंडापासून वाचवलेले नाही, परंतु खटला चालवल्याशिवाय त्याला शिक्षा करता येत नाही, असे तिने स्पष्टपणे म्हटले आहे. नूर ब्रिटिश हवाई दलाच्या स्त्री सहायक दलातील अधिकारी होती. तिला फोर्झहाइम येथील तुरुंगात साखळदंडात ठेवण्यात आले आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊ छळछावणीत तिला व तिच्या तीन सहकारी स्त्रियांना कोणताही खटला न चालवता ठार करण्यात आले. म्हणून हा प्रकार हेराला दिलेली शिक्षा म्हणून नव्हे, तर युद्धगुन्हा म्हणून पाहावा लागतो.

गैरसमज ५ : युद्ध संपले की या स्त्रियांची कहाणीही संपली.

वस्तुस्थिती : १९४६ मध्ये सुटका झाल्यावर उषा मेहतांनी गांधीविचारांवर संशोधन केले, मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवले आणि १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. गोवा मुक्त झाल्यावर लिबिया लोबो यांनी १९६४ मध्ये वामन सरदेसाई यांच्याशी विवाह केला, पुढे गोव्याच्या पर्यटन खात्याच्या संचालकपदाची जबाबदारी सांभाळली, आणि २०२५ मध्ये वयाच्या शंभरीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. नूरला १९४९ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस देण्यात आला.

या तिघींपैकी एक कायद्याने सैनिक होती, तर दोघी भूमिगत रेडिओ चालवणाऱ्या स्वातंत्र्यसैनिक होत्या. पकडल्यास मिळणारी वागणूक, चालणारा खटला आणि युद्धोत्तर मान्यता हे सर्व या भेदावर अवलंबून राहिले. त्यामुळे त्यांच्या धैर्याचे मोजमाप करायचे असेल, तर त्यांना ‘हेर’ म्हणण्याऐवजी प्रत्येकीचे काम त्याच्या नावाने नोंदवणे हीच इतिहासलेखनाची पहिली अट ठरते.