अर्ज मराठीत, उत्तर कानडीत

भारतीय संविधानाचे ३५० वे कलम प्रत्येकास आपले गाऱ्हाणे संघराज्यात वा त्या त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार देते. त्याचे उत्तर कोणत्या भाषेत द्यावे, याविषयी मात्र ते मौन पाळते. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी शेतकऱ्याची सारी अडचण या मौनात सामावलेली आहे. अर्ज त्याने खुशाल मराठीत करावा. हाती पडणारी नोटीस वा जमिनीचा उतारा कानडीतच असतो आणि तो वाचून घेण्यासाठी कोणाची तरी मनधरणी करावी लागते. पोर्तुगीज अमदानीत आमच्या वाडवडिलांनी कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर हेच भोगले. गोमंतकीयांस हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

नियम नाहीत असे नाही. जेथे अल्पसंख्य भाषिक १५ ते २० टक्के असतील, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत निघाव्यात, हे केंद्र सरकारनेच १९५६ साली मान्य केले होते. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असली तर प्राथमिक शिक्षणाची सोय मातृभाषेतून करावी, हा संकेत तर १९४९ चा. सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-ब कलम घालून भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारीही निर्माण केला. पण त्याने करावयाचे काय? चौकशी करावी आणि राष्ट्रपतींना अहवाल द्यावा! तो संसदेपुढे ठेवला जातो, राज्यांकडे रवाना होतो. राज्यास हुकूम करण्याची ताकद या अधिकाऱ्यास नाही. ती संसदेने द्यावी, अशी आमची मागणी आहे.

महाराष्ट्राचा सीमादावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल काहीही लागो, उताऱ्याची मराठी प्रत मिळण्यास त्याची आडकाठी असू नये. परंतु मराठी परिपत्रक मागितले की कर्नाटकाच्या राज्यकर्त्यांना त्यात सीमा सरकविण्याचा डाव दिसतो. आमच्या पुढाऱ्यांनीही हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याची दक्षता घेतली नाही, हे कबूल केले पाहिजे.

जत, अक्कलकोटच्या कानडी मुलांना महाराष्ट्राने हाच न्याय लावावयास हवा. आणि आम्ही? १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्या शासकीय वापराची तरतूद आहे, तिच्या अंमलबजावणीसाठी आम्ही अग्रलेखांमागून अग्रलेख लिहिले. वास्को परिसरातील कानडी मजुरांची मुले कोणत्या भाषेत पहिले अक्षर गिरवितात, याची चौकशी मात्र आम्ही कधी केली नाही.