गणितात पुढे जावे, पण किती?

पालकसभेत दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो : ‘शहरातील शिकवणी वर्गांत आठवी-नववीतच अकरावी-बारावीचे गणित सुरू होते, मग आपली मुले मागे का ठेवता?’ या प्रश्नामागील चिंता आम्ही जाणतो. ज्या समाजाला शतकानुशतके विद्येपासून दूर ठेवले गेले, त्याला ‘थोडे थांबा’ हे शब्द संशयास्पद वाटणारच. म्हणून सविस्तर उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

क्ष² चा अवकलज, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, २क्ष असतो, हे नववीचा विद्यार्थी एका दिवसात पाठ करील. परंतु तो तसा का, हे समजण्यासाठी (क्ष + ह)² चा विस्तार करावा लागतो. त्यातून क्ष² वजा करून बाकीला ह ने भागले, की २क्ष + ह उरते. ह शून्याच्या जवळ नेला, की २क्ष मिळते. मात्र (क्ष + ह)² म्हणजे क्ष² + ह² असे लिहिणाऱ्याच्या हाती केवळ ह उरतो, अर्थात अखेरीस शून्य! असा विद्यार्थी बारावीच्या गणितात अडत नाही. तो सातवीच्या वर्गविस्तारात अडलेला असतो.

एका वर्षी आम्हीही नववीच्या सर्व मुलांकडून अशी सूत्रे पाठ करवून घेतली. अकरावीत ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली आणि दरम्यान भूमिती कच्ची राहिली, ती वेगळीच.

याचा अर्थ वेग नको, असा नव्हे. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावे लागतात. पण तो वेग पाया पक्का असल्यानेच येतो. म्हणून आम्ही दोन कसोट्या ठरविल्या आहेत : शिकलेला भाग पुस्तक न पाहता धाकट्या विद्यार्थ्याला फळ्यावर समजावता यावा आणि न पाहिलेले उदाहरण स्वतः सोडविता यावे. दोन्हींत उतरणाऱ्या मुलाने दहावीतच अकरावीची त्रिकोणमिती आणि कलनाची सुरुवात अवश्य करावी. त्याला वर्गासाठी अडवून ठेवणे हाही अन्यायच होय. इतरांनी आधी अपूर्णांक, बीजगणित व भूमिती पक्की करावी.

शिवाय पुढे जाणे म्हणजे केवळ वरच्या इयत्तेचे पुस्तक उघडणे नव्हे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत चालणाऱ्या गणित ऑलिम्पियाडच्या अभ्यासक्रमात कलन नाही. तरीही अंकशास्त्र, भूमिती व संयोजनाचे तेथील प्रश्न हुशार मुलांचाही कस पाहतात. खोलीकडे जाणारी ही वाटही पुढेच नेते.

वीणेची तार फार ताणली वा सैल सोडली तर सूर लागत नाही, हा दृष्टान्त तथागतांनी अतिश्रम करणाऱ्या सोण भिक्खूला दिला होता. प्रत्येक मुलाची तार वेगळी असते. ती ओळखण्यास शिक्षक अपुरे पडतात. माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत यावे, एकेका मुलाजवळ बसावे आणि त्याला एवढेच विचारावे : ‘हे असे का होते?’