नेट गेलं? पण कुठून गेलं?

परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. रात्रीचे पावणेबारा. आणि होस्टेलच्या पॅसेजमधून आरोळी येते, ‘नेट गेलं रे!’

मग नेहमीचाच गोंधळ. एकजण राउटर बंद-चालू करतो, दुसरा लॅपटॉप रिस्टार्ट करतो, तिसरा ग्रुपवर टाकतो, ‘नेट चालत नाहीये, प्लीज हेल्प.’ खाली दहाजण लिहितात, ‘माझं पण.’ उत्तर मात्र कुणाकडेच नाही.

कारण ‘नेट गेलं’ हे आजाराचं नाव नाहीच. डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हटलं, तर तेही विचारणारच ना, दुखतंय कुठे? नेटचंही तसंच. तुमचा लॅपटॉप, राउटर, नेट देणारी कंपनी आणि शेवटी ती वेबसाइट अशी ही साखळी आहे. ती कुठे तुटली हे कळलं, की निम्मं काम झालं. आणि त्यासाठी आयटीलाच असायला पाहिजे असं काही नाही.

एकट्याचं की सगळ्यांचं?

त्याच वायफायवर मित्राचा फोन चालतोय? मग गडबड तुमच्या लॅपटॉपमध्ये. कुणाचंच चालत नाही? मग राउटर किंवा त्याच्या पुढे. बाकी सगळं उघडतंय, एकच साइट अडलीये? मग दोष बहुधा त्या साइटचाच. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप जगभर सुमारे सहा तास बंद पडले होते. बिघाड कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कमध्ये होता. त्या रात्री घरचा राउटर शंभरदा बंद-चालू करूनही काही फरक पडला नसता.

पत्ता मिळाला का?

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत ‘आयपीकॉन्फिग’ असं सलग टाइप करा आणि एंटर दाबा. आयपी पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरने तुम्हाला पत्ता दिलेलाच नाही. लॅपटॉपने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतलाय. वायफाय ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडा. तरीही तेच? छोट्या राउटरकडे वाटायला साधारणपणे अडीचशेच्या आसपासच पत्ते असतात. प्रत्येकाचा फोन, लॅपटॉप, टॅब धरला तर ते संपू शकतात. अशा वेळी राउटर सांभाळणाऱ्यालाच गाठायला हवं.

दारावर टकटक

पत्ता नीट असेल तर ‘पिंग’ करा. पिंग म्हणजे दारावर टकटक करून ‘आहात का?’ विचारणं. आधीच्याच खिडकीत ‘डिफॉल्ट गेटवे’समोर जो आकडा दिसतो, तो तुमचा राउटर. त्याला पिंग करा. उत्तर नाही आलं, तर अडचण तुमच्यात आणि राउटरमध्ये आहे. जरा जवळ जाऊन बघा, मध्ये भिंती किती आहेत तेही बघा.

राउटर बोलतोय? मग ८.८.८.८ला पिंग करा. हा गुगलचा सर्व्हर. तो गप्प असेल तर लाइन पुढे तुटली असावी, कंपनीला फोन लावा. तो बोलतोय, पण नाव टाकून एकही साइट उघडत नाही? मग संशय डीएनएसवर. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी डिरेक्टरी. घरच्या नेटवर सेटिंगमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा, बऱ्याचदा काम होतं.

काही कॉलेजांच्या नेटवर्कवर पिंग बंद ठेवलेलं असतं. तिथे उत्तर नाही आलं म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. आधी लॉगइनचं पान उघडतंय का ते पाहा. आणि हो, लॅपटॉपची तारीख-वेळही तपासा. ती चुकली असेल तर चांगलं नेट असूनही साइट उघडायला नकार देतात.

विचारायचं कसं?

एवढं करूनही सुटलं नाही, तर बिनधास्त विचारा. पण ‘नेट चालत नाही’ असं नाही. असं लिहा : ‘विंडोज ११, होस्टेलचं वायफाय. काल रात्रीपासून बंद. मित्राच्या फोनवर चालतंय. माझा पत्ता १६९.२५४ने सुरू होतो. फर्गेट करून पाहिलं, उपयोग नाही.’ ज्याला यातलं कळतं, तो हे वाचून दोन मिनिटांत उत्तर देईल. एरर आला असेल तर जसाच्या तसा टाका, स्वतःच्या शब्दांत नको.

मात्र वायफायचा पासवर्ड किंवा ओटीपी चुकूनही द्यायचा नाही. ‘अॅप टाक, मी तुझी स्क्रीन बघून करून देतो’ असं अनोळखी माणूस म्हणाला, तर सरळ नाही म्हणा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

सुटलं? मग सांगा!

एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी तांत्रिक प्रश्न कसे विचारावेत यावर २००१ मध्ये एक मार्गदर्शिका लिहिली. प्रश्न सुटला की तो कसा सुटला हे सगळ्यांना सांगा, असं त्यांनी त्यात आवर्जून म्हटलंय. आपण काय करतो? ‘झालं भावा, थँक्स!’ आणि गायब. पुढच्या वर्षी एखादा ज्युनिअर त्याच ग्रुपमध्ये तोच एरर सर्च करतो, तेव्हा त्याला सापडतं फक्त ते ‘झालं’. कसं झालं, ते कुणालाच माहीत नाही.

दोनच ओळी लागतात. बिघाड काय होता आणि काय केल्यावर गेला. थँक्स म्हणण्याआधी तेवढ्या लिहाच!