रामही तोच, सीताही तोच!

१९१७ साली ‘लंका दहन’ हा मूकपट पाहायला गेलेल्या भाविकांनी पडद्यावरच्या रामाला हात जोडले, सीतेलाही जोडले. दोन्ही नमस्कार पोचले एकाच माणसाला, अण्णा साळुंक्यांना. दुहेरी भूमिकेचं एवढं कौतुक नंतर भल्याभल्यांच्या वाट्याला आलं नसेल. सीतामाईचे दंड अंमळ पिळदार दिसायचे, पण भक्तीपुढे दंडाचं काय!

हे साळुंके मूळचे मुंबईतल्या एका हॉटेलातले आचारी. ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) दादासाहेब फाळक्यांना तारामती हवी होती आणि एकही बाई तयार होईना. शेवटी त्यांची नजर साळुंक्यांच्या नाजूक हातांवर गेली. दहा रुपये पगाराचे पंधरा झाले, आचाऱ्याची राणी झाली! पण स्त्रीपार्टी नटांपुढे खरा पेच असायचा तो मिशीचा. बाप हयात असताना मिशी उतरवायची कशी?

त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र खऱ्याखुऱ्या स्त्रिया आल्या, त्याही मायलेकी. दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. पुढे या कमलाबाई गोखल्यांचा नातू आपण डोळे भरून पाहिला: विक्रम गोखले.

फाळक्यांच्या घरातही एक तारका होती. ‘कालिया मर्दन’मधला (१९१९) कृष्ण म्हणजे त्यांची चिमुरडी मंदाकिनी. चित्रपट सुरू होतो तोच तिच्या चेहऱ्याने. गोष्ट नाही, प्रसंग नाही; पोर कॅमेऱ्याकडे पाहून एकामागून एक भाव दाखवते. बापाने लेकीचं नाणं आधीच वाजवून दाखवलं म्हणा ना! सुदैवाने या चित्रपटाचा बराच भाग शिल्लक आहे. बघाच. शंभर वर्षांपूर्वीची ही मुलगी आजच्या कितीतरी बालकलाकारांपेक्षा मोकळी वाटते.

आता सुलोचना. सुलोचनादीदी नव्हेत, त्यांच्या आधीची, पुण्यात जन्मलेली ज्यू मुलगी रूबी मायर्स. सिनेमात येण्याआधी ती टेलिफोन ऑपरेटर होती. म्हणजे आधी नुसता आवाज, मग नुसता चेहरा. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त (१९२७) तिने आठ सोंगं घेतली, त्यात माळी होता, पोलीस होता, केळी विकणारी म्हातारीही होती. तिची कमाई मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त, अशी बोलवा होती. बोलपट आले तेव्हा हिंदुस्थानी अडखळू लागली, म्हणून बाई काही काळ बाजूला झाल्या, भाषा शिकल्या आणि आपलेच जुने मूकपट बोलते करून परतल्या. अनारकली तर त्यांनी मूकपटात केली, बोलपटातही केली. १९५३च्या ‘अनारकली’त पुन्हा दिसल्या, पण सलीमच्या आईच्या भूमिकेत! हिंदी सिनेमात नायिकेचं वय कसं मोजतात, ते यावरून कळावं.

भाषेने मास्टर विठ्ठलनाही छळलं. मारामारीच्या मूकपटांचे हे ‘भारतीय डग्लस फेअरबँक्स’. त्यांची सुरुवात मात्र झाली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, नाचणारीच्या वेषात! पहिल्या बोलपटाचा, ‘आलम आरा’चा (१९३१) नायक होण्यासाठी त्यांनी जुन्या कंपनीचा करार मोडला. खटला उभा राहिला तेव्हा त्यांची बाजू मांडली बॅरिस्टर जीनांनी. खटला जिंकला, पण उर्दू काही जिंकता येईना. मग बोलपटाच्या नायकाला बोलायलाच फारसं दिलं नाही.

आणि रामानंद सागरांच्या ‘रामायण’मधली मंथरा? त्या ललिता पवार मूकपटांच्या काळात चक्क नायिका होत्या. ‘दिलेर जिगर’ (१९३१) या त्यांच्या धाडसपटाची प्रत वाचली आहे. खाष्ट सासूच्या पलीकडच्या ललिताबाई बघायच्या असतील, तर तिथे भेटतील.

वाचली, हे नशीबच. आपल्याकडे सुमारे तेराशे मूकपट बनले. आज हाताशी तीसही नाहीत, त्यातही बरेच तुकड्यांत. नायट्रेटची फिल्म झटकन पेट घ्यायची, आणि जी पेटली नाही ती कुणीतरी चांदी काढायला विकली. उरलेल्यापैकी पुष्कळसं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या आणि पी. के. नायरांच्या चिकाटीमुळे टिकलं.

मूकपट गुपचूप बसून बघायचा असतो, हा मात्र गैरसमज. तेव्हा थिएटरात पेटी-तबला वाजायचा आणि ज्याला वाचता यायचं तो इतरांसाठी पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायचा. तेव्हा ‘कालिया मर्दन’ लावाल त्या दिवशी घरातल्या सगळ्यात बडबड्या माणसाला पुढच्या रांगेत बसवा.