एका डेम्लो संख्येची ओळख

संख्यांचा अभ्यास करावयास मोठी प्रयोगशाळा लागत नाहीं. पाटी, पेन्सील आणि चिकाटी एवढीं साधनें पुरतात. आज वाचकांस एका मोठ्या पूर्णांकाची ओळख करून द्यावयाची आहे. तो असा : १२३४५६७८९८७६५४३२१.

ही संख्या सतरा आंकडी आहे. भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’ ग्रंथांत एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं ‘मध्य’ या सतराव्या स्थानापर्यंत ती पोंचते.

आतां तिचे गुणधर्म पाहूं. प्रथम, ती विषम असून डावीकडून वाचा कीं उजवीकडून, सारखीच राहते. दुसरें, ती वर्गसंख्या आहे. नऊ एकांनीं बनलेल्या १११११११११ या संख्येचा तो वर्ग होय. १११११११११ चे मूळ अवयव ३, ३, ३७ व ३३३६६७ हे आहेत. त्यावरून आपल्या संख्येचे विभाजक ४५ येतात. विभाजक विषम असणें हें प्रत्येक वर्गसंख्येचें लक्षण आहे. तिसरें, तिच्या अंकांची बेरीज ८१ होते व त्याच ८१ नें तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांस ‘हर्षद’ हें नांव श्री. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनीं दिलें.

कापरेकरांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनीं देवळालीस शाळाशिक्षकाचें काम केलें व फावल्या वेळीं संख्यांचें संशोधन केलें. आपल्या पनवेलपासून फार दूर नसलेल्या डोंबिवली स्टेशनास पूर्वी ‘डेम्लो’ म्हणत. तेथें त्यांस एका संख्याकुलाची कल्पना सुचली, म्हणून त्या कुलास त्यांनीं ‘डेम्लो संख्या’ म्हटलें. या संख्येचा आरंभीचा व शेवटचा भाग मिळविला असतां मधला अंकच पुनः पुनः येतो. आपलीच संख्या घ्या : १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९, आणि मध्यें उभा आहे तोही ९!

ही सुंदर रचना कशामुळें होते? १११११११११ ला त्याच संख्येनें गुणा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली, अशा मांडल्या जातील. उभ्या रकान्यांत अनुक्रमें एक, दोन, तीन असे नऊपर्यंत एक येतात व पुढें तसेच कमी होतात. कोठेंही बेरीज नवांपलीकडे जात नाहीं, म्हणून हातचा येत नाहीं. परंतु दहा एकांचा वर्ग करा. मधल्या रकान्यांत दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असें निघतें. डौल मोडला!

नऊ वेळां खरा ठरलेला नियम दहाव्या वेळीं फसला. केवळ उदाहरणांवर विसंबणारा येथें गोंधळतो. ज्यानें हातच्याचें कारण ओळखलें, त्यास नियमाची मर्यादा आधींच दिसते. म्हणून विद्यार्थ्यांनो, उत्तर जुळतांच वही मिटूं नका, ‘असें कां?’ हें अवश्य विचारा.

सुटींत पालकांसह एवढें करून पाहा : १, १२१, १२३२१ येथपासून आपल्या संख्येपर्यंतच्या नऊ संख्यांत हर्षद संख्या किती?