दात्रकोशिका रोगातील नेत्रलक्षणे

दात्रकोशिका रोग हा तांबड्या रक्तकोशिकांतील रक्तारुण म्हणजे हीमोग्लोबिन या द्रव्याच्या आनुवंशिक दोषामुळे होणारा रोग होय. दात्र म्हणजे विळा. ऑक्सिजन कमी पडला की दोषयुक्त रक्तारुणाचे रेणू एकमेकांस जोडले जाऊन ताठर तंतू बनतात आणि एरवी वाटोळी व लवचिक असणारी कोशिका विळ्यासारखी वाकते. विदर्भात हा रोग ‘सिकलसेल’ याच नावाने ओळखला जातो. हाडे व सांधे यांतील असह्य वेदना, पांडुरोग आणि पुनःपुन्हा होणारे जंतुसंक्रामण ही त्याची परिचित लक्षणे होत. डोळ्यांतील विकृती त्या मानाने दुर्लक्षित राहते. कारण ती दुखत नाही.

शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या कोशिकांचे प्रथम वर्णन केले. दोष रक्तारुणाच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी रेणूच्या बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन असते, हे सिद्ध केले. भारतात निलगिरीतील आदिवासींत हा दोष १९५२ मध्ये आढळला व १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी नागपूर भागातील रुग्णांची नोंद केली. महाराष्ट्रातील पावरा, भिल्ल, माडिया, परधान, ओतकर इ. जमातींत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्के आढळले आहे. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, मारेगाव, झरी जामणी, घाटंजी या तालुक्यांत आदिवासींची वस्ती मोठी आहे. गोंड व परधान यांच्याप्रमाणेच अनुसूचित जातींतील काही समाजांतही हा जीन आढळतो. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्य रोगी निपजण्याचा संभव एक चतुर्थांश असतो.

डोळ्यांतील सर्वांत सहज दिसणारे लक्षण म्हणजे श्वेतपटलाचा पिवळेपणा. कोशिका अकाली फुटल्याने रक्तातील पित्तरंजक वाढते व बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पिवळा दिसतो. खेड्यांतून ही कावीळ समजून गळ्यात माळ घालणे, पथ्य पाळणे व जडीबुटी घेणे यांत पुष्कळ काळ जातो. वस्तुतः या पिवळेपणाने दृष्टीस काहीच अपाय होत नाही. दुसरे लक्षण नेत्रश्लेष्मकलेतील सूक्ष्म वाहिन्यांचे : खालच्या पापणीकडील भागात त्या तुटक, स्वल्पविरामाच्या आकाराच्या दिसतात. डी. पेटन यांनी १९६१ मध्ये वर्णिलेले हे चिन्ह बहुसंख्य समयुग्मी रुग्णांत, म्हणजे ज्यांना हा जीन आई व वडील दोघांकडूनही मिळाला आहे अशांत, आढळते व तेही निरुपद्रवी असते.

खरा धोका डोळ्याच्या मागील भागातील जालपटलात असतो. वाकलेल्या कोशिकांनी जालपटलाच्या परिघावरील बारीक रोहिण्या बुजतात व तेवढा भाग रक्तावाचून राहतो. मग लगतच्या रोहिण्या व नीला परस्परांस जोडल्या जातात आणि उपाशी ऊतकाच्या सीमेवर नव्या, नाजूक वाहिन्यांचे जाळे फुटते. सागरी पंखा या प्रवाळाशी असलेल्या साम्यामुळे त्यास तेच नाव पडले आहे. हे जाळे फाटून काचाभ पिंडात रक्त उतरते. शेवटी जालपटल ओढले जाऊन सुटते व दृष्टी जाते. या पाच अवस्थांचे वर्गीकरण एम. एफ. गोल्डबर्ग यांनी १९७१ मध्ये केले. पहिल्या तीन अवस्थांत रुग्णास कसलीही जाणीव नसते व तो अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचू शकतो. सर्वच जाळी मात्र पुढे जात नाहीत. कित्येक आपोआप सुकतात, कारण त्यांना रक्त पुरविणारी वाहिनीच बुजते.

ही विकृती किती रुग्णांत आढळते, याचे एकच उत्तर देता येत नाही. जमेकातील किंग्स्टन येथे १९७३ ते १९८१ या काळात १,००,००० नवजात बालकांची तपासणी करून रोगी बालकांचे पुढे अनेक वर्षे निरीक्षण करण्यात आले. वयाच्या २४ ते २६ व्या वर्षापर्यंत नव्या वाहिन्यांची विकृती समयुग्मी रुग्णांपैकी १४ टक्क्यांत, तर एका पालकाकडून एस व दुसऱ्याकडून सी प्रकारचे रक्तारुण मिळालेल्यांपैकी ४३ टक्क्यांत उद्‌भवली. ही विसंगती चमत्कारिक आहे, कारण एरवी एस-सी रुग्णांचा आजार सौम्य असतो. त्यांचे रक्त अधिक दाट असते. शिवाय तीव्र रोगात परिघावरील ऊतक पूर्णपणे मरते, तर सौम्य रोगात ते अर्धमेले राहून नव्या वाहिन्यांस उत्तेजन देत राहते, असे स्पष्टीकरण दिले जाते.

हे आकडे यवतमाळास जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल. सी प्रकारचे रक्तारुण भारतात अत्यंत विरळ आहे. येथे समयुग्मी रुग्ण व त्याखालोखाल बीटा थॅलॅसेमियाची जोड असलेले रुग्ण आढळतात आणि या दुसऱ्या गटातील काहींत नेत्रविकृतीचा संभव जास्त असतो. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील रक्तारुण बहुधा अधिक प्रमाणात टिकून राहते व ते काहीसे संरक्षक असते. तथापि सर्वांचाच आजार त्यामुळे सौम्य असतो, असे नागपूर येथील बालरुग्णांच्या निरीक्षणांवरून म्हणता येत नाही. वयाचाही विचार हवा. शाळकरी मुलांत क्वचित दिसणारी विकृती विशी-तिशीत, म्हणजे ऐन कष्टाच्या वयात वाढते.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील विद्राव्यता चाचणीने एस रक्तारुण असल्याचे कळते, पण वाहक कोण व रोगी कोण हे ठरविण्यास विद्युत् संचारणासारखी चाचणी लागते. डोळ्यांच्या बाबतीत विजेरीच्या उजेडात पाहून काहीच समजत नाही. औषधाने बाहुली विस्फारून जालपटलाचा परिघ तपासावा लागतो. वयाच्या दहाव्या वर्षापासून एक-दोन वर्षांनी अशी तपासणी करणे इष्ट असते. यवतमाळ येथे १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; परंतु झरी जामणीकडील मजुरास, काही दिसेनासे झालेले नसताना, एवढ्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून जाणे सहसा परवडत नाही. वेळीच आढळल्यास लेसर किरणांनी रक्तहीन भाग भाजून जाळ्याची वाढ थांबविता येते.

वाहकांस जालपटलाची ही विकृती सहसा होत नाही व ते निरोगीच समजले जातात. त्यांच्याही बाबतीत एक अपवाद आहे. विटीचा किंवा बैलाच्या शिंगाचा मार लागून डोळ्याच्या पुढील कोठीत रक्त साचले, तर तेथील ऑक्सिजनच्या न्यूनतेमुळे वाहकाच्याही कोशिका वाकतात, द्रव बाहेर जाण्याचा मार्ग तुंबतो आणि डोळ्यातील दाब वाढतो. हा दाब इतरांस सोसेल एवढाच असला, तरी अशा डोळ्यातील दृक्‌तंत्रिकेस इजा होऊ शकते. दाब उतरविण्यासाठी नेहमी दिले जाणारे ॲसिटाझोलामाइड हे औषध रक्ताची अम्लता वाढवून कोशिका वाकण्यास मदत करते. म्हणून या भागात डोळ्यास मार लागून आलेल्या रुग्णाच्या रक्ताची सिकलसेलसाठी चाचणी उपचारापूर्वीच करणे आवश्यक असते.