जुना कपडा, नवा रंग

नवा कपडा पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवायचा म्हणजे त्याचा रंग जात नाही, असं आपल्याकडे घरोघरी सांगितलं जातं. जुना कपडा घरी रंगवायला घेतला की हाच सल्ला पुन्हा मिळतो, जोडीला व्हिनेगरही येतं. मीठ लागतं हे खरं, पण त्याचं काम वेगळं आहे. पाण्यात सुती धाग्यावर किंचित ऋणभार असतो आणि सुतासाठीच्या रंगाच्या रेणूंवरही ऋणभारच असतो. त्यामुळे दोघं एकमेकांना दूर लोटतात. मीठ हा विरोध कमी करतं आणि पाण्यातला रंग धाग्याकडे वळवतं. म्हणजे रंग चढतो तो मिठाच्या मदतीने, पण चढलेला रंग धरून ठेवणं मिठाला जमत नाही. व्हिनेगरचा तर सुताला काहीच उपयोग नाही. आम्ल लागतं ते लोकर आणि रेशीम रंगवताना.

सुतावर रंग पक्का करतो तो धुण्याचा सोडा, तोही रंग रिअ‍ॅक्टिव्ह प्रकारचा असेल तर. 1956 मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने ‘प्रोसिऑन’ या नावाने हे रंग पहिल्यांदा बाजारात आणले. सोड्याने पाणी अल्कधर्मी झालं की या रंगाचा रेणू सुतातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंधाने जोडला जातो. यातले थंड पाण्याचे रंग 30 ते 40 अंश सेल्सियसला, म्हणजे कोमट पाण्यातही बसतात. तेव्हा ‘उकळल्याशिवाय रंग बसत नाही’ ही समजूतही सोडून द्यायला हरकत नाही. जी पुडी उकळत्या पाण्यात टाकायला सांगतात, तिच्यात बहुधा डायरेक्ट प्रकारचा रंग असतो. तो चढतो लवकर, पण दर धुण्याला थोडा थोडा उतरतो. रोज वापरायच्या कपड्यासाठी मी रिअ‍ॅक्टिव्ह रंगच घ्यायला सांगेन.

सगळ्यात जास्त निराशा होते ती मात्र ‘कुठलंही कापड रंगवता येतं’ या समजुतीने. रंग आणि धागा यांची जोडी ठरलेली असते. पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग लागतात आणि कारखान्यात ते दाबाखाली, साधारण 130 अंशांना चढवतात. घरच्या पातेल्यात पाणी 100 अंशांच्या वर जातच नाही. टेरिकॉटमध्ये सूत आणि पॉलिएस्टर एकत्र असतं, त्यामुळे त्यातलं सूत तेवढं रंगतं आणि गडद निळा घालूनही कापड धुवट आकाशी दिसतं. शाळेचे पांढरे शर्ट बहुतेक असेच असतात. कापड ओळखायचं तर आतल्या शिवणीतून दोन धागे काढावेत आणि चिमट्यात धरून पेटवावेत. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. राख आणि मणी दोन्ही दिसले तर कापड मिश्र आहे.

आणखी एक गोष्ट आधीच बघून ठेवावी. अस्सल सुती कुर्त्याची शिलाईसुद्धा बहुधा पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असते. कुर्ता गर्द निळा होतो, पण गळा, बाही आणि खिशावरची टीप पांढरीच राहते. मला ती उठून दिसणारी टीप आवडते. पण सगळं एकसारखं हवं असेल, तर हे रंगवण्यापूर्वी माहीत असलेलं बरं.

आता डागांविषयी, कारण बहुतेक जण त्यांच्यासाठीच रंगवायला बसतात. ‘गडद रंग दिला की डाग झाकला जातो’ हे अर्धंच खरं आहे. रंग रंगलेपासारखा वर थापला जात नाही, पारदर्शक थरासारखा धाग्यात मुरतो आणि खालचं सगळं त्यातून दिसत राहतं. पिवळ्यावर निळा दिला तर हिरवा मिळतो, तोही याच कारणाने. तेलाचा डाग सगळ्यात त्रासदायक, कारण तिथे पाणीच शिरत नाही आणि रंगवल्यावर तो भाग जास्तच उठून दिसतो. तो आधी भांड्यांच्या साबणाने काढायलाच हवा. हळदीचा डाग सोड्याच्या पाण्यात लालसर होतो, तेव्हा घाबरून जाऊ नये. त्यातलं कर्क्युमिन अल्कधर्मी पाण्यात लाल आणि उन्हात फिकं होतं. म्हणून हळद लागलेलं कापड धुऊन आधी कडक उन्हात वाळवावं. कित्येकदा मग रंगवायची गरजच उरत नाही. चहाचा डाग जात नसेल, तर अख्खं कापड चहाच्या गडद पाण्यात उकळून खाकी करून टाकणं हा सोपा मार्ग. एवढं करूनही डाग उरलाच, तर एकसारख्या रंगाचा हट्ट सोडावा. बांधणीसारख्या गाठी मारून किंवा चुरगाळून रंगवलेल्या कापडाच्या रंगछटांत तो हरवून जातो.

गडद कापड रंग घालून फिकं होत नाही, त्यासाठी आधी रंग उतरवावा लागतो. ब्लीचने सगळे रंग सारखे उतरत नाहीत. जीन्सची नीळ भराभर जाते, तर काळ्या सुताखालून कधी कधी तांबूस तपकिरी रंग निघतो. रेशीम आणि लोकर ब्लीचमध्ये चक्क विरघळतात. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

नैसर्गिक रंगांबद्दल मला मनापासून आस्था आहे, म्हणूनच सांगते की बीटाचा लाल रंग कापडावर टिकत नाही आणि हळदीचा उन्हात उडतो. टिकाऊ लाल मंजिष्ठेच्या मुळांतून मिळतो, तोही कापडाला आधी हिरडा आणि तुरटी दिली असेल तर. हिरड्यातल्या टॅनिनवर लोखंडाचं पाणी पडलं की करडा-काळा रंग येतो. कलमकारीतला काळा रंग गूळ आणि गंजलेलं लोखंड पाण्यात मुरवूनच करतात. पण लोखंड जास्त झालं तर सूत हळूहळू कुजतं. ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ असंही नाही. रंग पक्का करायला मोरचूद वापरतात आणि मोरचूद विषारी असतो.

रिअ‍ॅक्टिव्ह रंगाची पूडही नाकात जाऊ देऊ नये. तिने काहींना दम्यासारखा त्रास सुरू होतो. मास्क आणि हातमोजे घालावेत, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत. अ‍ॅल्युमिनियमला सोडा खातो, म्हणून प्लॅस्टिकची बादली घ्यावी.

अर्धा किलो कोरड्या कापडाला साधारण 10 लिटर पाणी घ्यावं, म्हणजे कापड मोकळं हलेल. त्यात 15 ते 20 ग्रॅम रंग आणि अर्धा किलो मीठ घालावं. काळ्यासाठी रंग दुप्पट लागतो. खळ आधी पूर्ण धुऊन काढावी, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. कापड ओलं करूनच रंगात टाकावं आणि वीसेक मिनिटं हलवत राहावं. मग लिटरला 10 ते 20 ग्रॅम या प्रमाणात कोरड्या पुडीचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून घालावा. सोडा खड्यांच्या रूपात असेल तर अडीच पटीहून जास्त लागतो, कारण खड्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. पुढे तासभर मधूनमधून हलवायचं.

नंतर धुताना पाणी रंगीत निघालं की लोक म्हणतात, रंग कच्चा निघाला. खरं तर रंगाचा काही भाग कापडाऐवजी पाण्याशीच जोडला जातो आणि तो निघून जायलाच हवा. आधी गार, मग कडक गरम पाण्याने, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावं. ही धुलाई अर्धवट राहिली, तर जुन्या साड्यांचे रंगवलेले तुकडे गोधडीत शेजारच्या पांढऱ्या तुकड्याला रंग लावतात.